कोंबडीचं दुसरं वाचन

विभागात तिला सगळे आक्का म्हणत. पहिल्याच दिवशी बसायच्या आधी तिनं खुर्ची पुसली, आणि फडकं हातात आहेच तर म्हणून शेजारच्या चार खुर्च्याही पुसून टाकल्या. कुणीतरी म्हणालं, "आक्का, राहू द्या हो," आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळेत विज्ञान शिकवून घसा बसला, मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, आणि ज्या वयात बायका गुडघ्यांच्या डॉक्टरांची तुलना करायला लागतात त्या वयात हिनं पीएचडीला नाव घातलं. मार्गदर्शक बाई तिच्याहून वयानं बऱ्याच लहान. आक्का त्यांना मॅडम म्हणायची, त्या हिला आक्का म्हणायच्या. दोघी एकमेकींना अहोजाहो करायच्या आणि त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आता मात्र मुदत संपत आली होती. आधी नियमाची मुदत, मग वाढीव मुदत, मग वाढीववर वाढीव, आणि शेवटी मॅडमनी कचेरीत स्वतः खेटे घालून मिळवलेली अखेरची. महिना संपायच्या आत प्रबंध गेला तर गेला, नाहीतर नाव कटणार. पुन्हा नाव घालायला वयाची आडकाठी नव्हती. अंगात बळ नव्हतं, एवढंच.

मुलगी फोनवर म्हणायची, "आई, शर्यत लावू या? आधी माझी डिग्री की तुझी?"

"तुझी," आक्का म्हणायची. "तुला सासू नाहीये."

सासू तेव्हा शेजारीच पडलेली असायची आणि सगळं ऐकत असायची. त्यांना डाव्या अंगाला झटका आलेला. हात गेला, पाय गेला, पण जिभेला त्यानं शिवलंसुद्धा नव्हतं. खिडकीपाशी त्यांची खाट होती. आक्का सकाळी त्यांचं अंग पुसायची, कूस बदलायची, उकडलेलं अंडं कुस्करून भरवायची आणि मग विभागात जायची.

"आज काय मोजणार?" सासूबाई विचारायच्या.

"तेच हो आई. पक्ष्यांची प्रथिनं."

"अजून संपले नाहीत पक्षी?"

"संपत आले."

"उडून जातात ते बरं करतात बिचारे. हाती लागले असते तर तू त्यांनाही वेळेवर गोळ्या दिल्या असत्यास."

मोजत होती ती काय, तर प्रथिनांमधले मणी. कोणत्याही जिवाचं प्रथिन घ्या, ते वीस जातींच्या मण्यांची माळ असते. त्या मण्यांना अमिनो आम्लं म्हणायचं. कोणता मणी कुठं ओवायचा हे डीएनएत लिहिलेलं असतं, आणि ज्या तुकड्यात एका प्रथिनाची माळ लिहिलेली असते तो तुकडा म्हणजे जनुक. आता हे वीस मणी काही सारखे नाहीत. काही घडवायला सोपे, पेशीला त्यांचं फारसं काही वाटत नाही. काही असे की एक घडवता घडवता पेशीच्या नाकी नऊ येतात. मॅडमचं म्हणणं होतं की जे पक्षी समुद्र ओलांडतात, ज्यांना अंगातला कण न् कण जपून वापरावा लागतो, ते आपली प्रथिनं स्वस्त मण्यांची ओवत असणार. काटकसर नुसती खाण्यापिण्यात नसते, ती हाडामांसात उतरत असणार.

आक्कानं इतकी वर्षं तेच तपासलं. जगभरच्या लोकांनी पक्ष्यांचे डीएनए वाचून खुले ठेवलेले असतात. ते घ्यायचे, त्यांतून प्रथिनं लिहून काढायची, मणी मोजायचे. आणि उत्तर आलं होतं. देखणं आलं होतं. लांब उडणारे सगळे स्वस्त मण्यांचे, आणि जमिनीवर दाणदाण पावलं टाकत चालणारे, थोराड, न उडणारे पक्षी महागड्या मण्यांचे. आलेखावरचे ठिपके प्रार्थनेला उभ्या केलेल्या शहाण्या मुलींसारखे रांगेत होते. फक्त एक ठिपका भलत्या रांगेत शिरला होता. तो कोंबडीचा.

कोंबडी कुठं उडते? कुंपणापर्यंत. पण आलेखात ती समुद्र ओलांडणाऱ्यांच्या मधोमध फतकल मारून बसली होती.

"तिचं सोडा," मॅडम मागंच म्हणाल्या होत्या. "पाळीव आहे. माणसानं हात लावलेल्या कुठल्याही गोष्टीचं काही खरं नसतं."

तेव्हा सोडलं. पण आता शेवटचं प्रकरण लिहिताना तिच्याबद्दल दोन ओळी घालणं भाग होतं, कारण परीक्षक हटकून तिथंच बोट ठेवणार. आक्का दुपारी घरी, सासूबाईंच्या खाटेशी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. दोन ओळी काही होईनात. 'कोंबडी पाळीव असल्यामुळे' एवढं लिहिलं आणि गाडं अडलं. पाळीव असल्यामुळे काय? पाळीव असल्यामुळे तिनं काटकसर कशाला करावी? तिला तर आयतं खायला मिळतं.

शाळेत असताना एखादी ढ मुलगी अचानक पहिली आली की आक्का आधी तिची उत्तरपत्रिका पाहायची नाही, ती कुणाच्या शेजारी बसली होती ते पाहायची. ती सवय हात सोडत नाही. कोंबडी कुणाच्या शेजारी बसली आहे? सागरी पक्षी, पाणपक्षी, स्थलांतर करणारे. या सगळ्यांत आणि कोंबडीत सारखं काय?

तिनं प्रत्येकासमोरचं वाचनाचं वर्ष पाहिलं.

सारखं हे होतं की या सगळ्यांचे डीएनए अलीकडे वाचलेले होते, नव्या यंत्रावर. लांब उडणाऱ्या पक्ष्यांवर एका मोठ्या गटानं नुकतंच काम केलं होतं, म्हणून ते नवे. कोंबडी सगळ्या जगाच्या ताटातली, तिचं वाचन दर काही वर्षांनी पुन्हा होतंच. आणि ते थोराड, न उडणारे? त्यांच्याकडं एकदा जुन्या यंत्रावर वाचून झाल्यावर कुणी वळून पाहिलं नव्हतं. आक्कानं सुरुवातीलाच स्वतःला नियम घालून घेतला होता: ज्या पक्ष्याची अनेक वाचनं असतील त्याचं सर्वांत नवं घ्यायचं. चांगला नियम. कुणालाही विचारा, चांगलाच म्हणेल. त्या चांगल्या नियमानं घात केला होता.

जुनं यंत्र डीएनए तुकड्यातुकड्यानं वाचायचं. त्या लिपीत अक्षरं चारच, आणि त्यांतली जी आणि सी ही दोन जिथं गर्दी करतात तिथं ते यंत्र अडखळायचं आणि तो भाग सोडून पुढं जायचं. पक्ष्यांमध्ये अशा गर्दीच्या जागा पुष्कळ, आणि त्याला कारण पाहायला गेलं तर अगदी फुटकळ. आईकडचा डीएनए आणि बापाकडचा डीएनए एकमेकांत मिसळताना कुठं जुळला नाही की पेशी तिथं डागडुजी करते, आणि करताना तिचा हात बहुतेक वेळा जी आणि सीकडं जातो. का, तर जातो. स्वस्त-महाग तिला कळत नाही, उडायचंय की चालायचंय तेही नाही. पण त्या गर्दीतल्या जनुकांत जे मणी लिहिले जातात, ते नेमके घडवायला सोपे निघतात. म्हणजे यंत्रानं तेवढे भाग गाळले की स्वस्त मणी मोजणीतून गेले आणि पक्षी उधळ्या ठरला.

हे सगळं खरं आहे का, ते पाहायला फार काही लागणार नव्हतं. कोंबडीचं जुनं वाचन होतंच. आक्कानं ते घेतलं, तीच मोजणी लावली आणि तोवर सासूबाईंची कूस बदलून घेतली, पाठीला पावडर लावली. परत येऊन पाहते तो कोंबडी आलेखात सरळ खाली, न उडणाऱ्यांच्या शेजारी. तीच कोंबडी. एक पीस इकडचं तिकडं न होता ती काटकसरीची उधळी झाली होती.

"अशी काय बसलीस?" सासूबाई म्हणाल्या.

"कोंबडी खाली आली, आई."

"कुठून?"

"वरून."

"मग चांगलं झालं की. वर काय काम होतं तिचं?"

आक्काला हसू आलं आणि मग ते तोंडातच राहिलं. बदकाचीही दोन वाचनं होती. तिनं तेही करून पाहिलं. बदकही खाली आलं.

नवरा पंपघरातली पाळी संपवून आला तेव्हा ती बटाटे सोलत होती. त्यानं बूट काढले, आईच्या खाटेपाशी जाऊन "काय म्हणताय?" केलं, आणि हात धुऊन तिच्यासमोर दुसरी सुरी घेऊन बसला. या घरात स्वयंपाक अर्धा त्याचा होता. ती विभागात जायला लागल्यापासून तो न बोलता शिकला होता. सुरुवातीचं मीठ सोडलं तर तक्रारीला जागा नव्हती. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्याला मण्यांचं फार कळत नसे, पण यंत्र म्हटलं की कळायचं.

"म्हणजे मीटरच दोन प्रकारचे होते," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुम्ही सगळे पाणी मोजतोय असं समजत होता."

"हो ना."

तो बराच वेळ एकच बटाटा सोलत राहिला. "कुणाला कळेल हे?"

"कुणी कोंबडीची दोन्ही वाचनं घेऊन बसलं तर."

"बसेल कुणी?"

"कधीतरी बसेलच. पण परीक्षेपुरतं म्हणशील तर नाही बसणार."

"मग झाकली मूठ राहू दे की." बोलून झाल्यावर त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. "मी काही तुला खोटं कर म्हणत नाही. मी दमलोय एवढंच म्हणतोय. तू तर काय, उभ्यानं झोपतेस. आईचं पुढं अजून काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नाही. एकदा हे दारातून बाहेर जाऊ दे. नंतर सांग सगळ्या जगाला, माझी चूक झाली म्हणून."

"नंतर कुणी सांगत नाही रे."

"हेही खरंय," तो म्हणाला, आणि उरलेले बटाटे त्यानंच सोलले.

आतून आवाज आला, "बटाटे सोलताय की त्यांचं श्राद्ध घालताय? भूक लागलीय इथं."

आक्काला नवऱ्याचा राग आला नाही. राग यायलाही थोडी झोप झालेली असावी लागते. तिला वाटलं, हा म्हणतो तसं करावं. खरंच वाटलं. तोंडाशी आलेला घास कुणी आपल्याच हातानं खाली ठेवतं का? तिनं फाइल उघडली, 'कोंबडी पाळीव असल्यामुळे' या ओळीकडं पाहत बसली, आणि तिच्या लक्षात आलं की हे वाक्य ती आता पुरं करू शकत होती. सफाईनं करू शकत होती. त्याचीच तिला धास्ती वाटली. तिनं ओळ खोडली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आपल्या खोलीत डबा खात होत्या. एका हातानं खात होत्या आणि दुसऱ्या हातानं कुणालातरी उत्तर लिहीत होत्या. त्यांचंही काही बरं चाललेलं नव्हतं. विभागाची प्रमुखी गळ्यात पडल्यापासून त्यांच्या डोळ्यांखाली कायमची सावली होती आणि पक्ष्यांपेक्षा गळक्या छपरांबद्दलच त्यांना जास्त लिहावं लागे.

"बसा आक्का. झालं प्रकरण?"

"झालं म्हणजे, मोडलं," आक्का म्हणाली, आणि लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला.

मॅडम हुशार बाई. कोंबडीचे दोन ठिपके पाहिले आणि घास हातातच राहिला. तरी त्या म्हणाल्या, "एका कोंबडीवरून एवढं?"

"बदकही केलं."

"जुन्या वाचनांतली चूक धरून हिशेब सुधारता येईल. काहीतरी उरेल."

"सगळ्यांत जी जनुकं सापडतात तेवढीच घेऊन पुन्हा मोजलं. काही उरत नाही, मॅडम. उडणारे आणि चालणारे एकाच जागी येतात. फरक दिसतो तो त्या डागडुजीमुळं. तो काटकसरीचा नाही."

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "तुम्हाला मुदत पाहिजे. मुदत आता मिळणार नाही. मी पाय धरले तरी."

"मुदत नकोय. शेवटचं प्रकरण बदलते आणि आहे तसं देते."

"त्यात लिहिणार काय? इतक्या वर्षांत काय सापडलं, तर काही सापडलं नाही?"

"जे दिसत होतं ते कशामुळं दिसत होतं, ते सापडलं."

"परीक्षकांना त्याचं काय. डोंगर पोखरून उंदीर काढलात म्हणतील. परत पाठवतील. आणि परत आला की तुमची मुदत—" त्या मध्येच थांबल्या. आक्काला वाटलं, छपराचं काही आठवलं असेल. पण मॅडम पडद्याकडं पाहत होत्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला की आक्कानं नजर दुसरीकडं नेली. तिला माहीत होतं त्या कुठं पोहोचल्या आहेत. ती आदल्या दुपारीच तिथं जाऊन परतली होती.

मॅडमचं नाव ज्यामुळं झालं ते काम तरुणपणीचं, त्याच जुन्या यंत्राच्या वाचनांवर केलेलं. इतर प्राण्यांत हमखास असणारी कितीतरी जनुकं पक्ष्यांमध्ये सापडत नाहीत, असं त्यांनी दाखवलं होतं. पक्ष्यांनी उडण्यासाठी ओझं टाकलं, असा त्याचा अर्थ लावला होता. ते इतकं गाजलं की शालेय पुस्तकात आलं. आक्कानं ते फळ्यासमोर उभं राहून किती वर्गांना शिकवलं असेल. शिकवता शिकवता तिलाच ते इतकं आवडलं, की घसा गेल्यावर तिनं पत्ता शोधत या बाईंचं दार गाठलं.

"तुम्ही पाहिलंत?" मॅडमनी विचारलं.

"काय?"

"आक्का, उगाच वेड पांघरू नका."

"नाही पाहिलं," आक्का म्हणाली. ते खरं होतं. पाहायचं धाडस झालं नव्हतं. ज्याचं त्यानं पाहावं, असंही वाटलं होतं.

"पाहा मग. आत्ता. इथं बसून."

"मॅडम, जेवण तरी करा आधी."

"पाहा म्हणते ना."

आक्कानं खुर्ची ओढली. पुस्तकात ज्याचं चित्र छापलेलं होतं ते मॅडमचं सगळ्यांत गाजलेलं जनुक तिनं नव्या कोंबडीत शोधायला लावलं. खिडकीखाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, त्याचा फुसफुस आवाज येत राहिला. मग पडद्यावर ओळ उमटली.

"सापडलं?" मॅडम म्हणाल्या. चष्मा त्यांनी काढून ठेवला होता.

"सापडलं."

"कुठं होतं?"

"होतं तिथंच. एका अगदी चिमुकल्या गुणसूत्रावर. भोवती सगळी जी-सीची गर्दी."

"अख्खं आहे?"

"अख्खं आहे. चालू असावं."

मॅडमनी डबा पिशवीत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. आक्काच्या मनात आलं, आता या म्हणतील, राहू द्या ते प्रकरण. म्हणाल्या असत्या तर सही शेवटी त्यांचीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध कचेरीच्या खिडकीतून आत घेत नाहीत, आणि मार्गदर्शकानं आपल्याच कामावर काट मारणाऱ्या कागदाखाली सही का करावी?

"प्रकरण लिहून आणा," मॅडम म्हणाल्या. "मग बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. मला आत्ता काही सुचत नाहीये."

आक्कानं लिहिलं. सासूबाईंना भरवताना मनात वाक्यं जुळवली आणि त्या झोपल्यावर उतरवली. नवऱ्यानं काही विचारलं नाही, फक्त सकाळी तिच्या आधी उठून आईचं अंग त्यानं पुसलं. "वाकडा हात आहे याचा," सासूबाई तिला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पण पाणी कोमट आणलं होतं हो." लिहिताना जिथं मॅडमच्या कामाचा विषय आला तिथं तिनं मऊ लिहिलं. 'पूर्वीच्या काही अभ्यासांत ही जनुके पक्ष्यांत नाहीत असे मानले गेले होते.' कुणी मानलं, कधी मानलं, काही नाही. सुनेनं सासूची चूक पाहुण्यांसमोर सांगावी, तशी.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मॅडमनी ते वाचलं. आक्का समोर उभी होती. बसा म्हणाल्या नाहीत, आणि बसली असती तर डोळा लागला असता. मॅडम पानं उलटत गेल्या. त्या ओळीशी आल्यावर त्यांनी पेन उचललं.

"हे काय? पूर्वीचे काही अभ्यास?"

"बरं दिसतं ते तसं."

"कुणाला बरं दिसतं? अभ्यास काय वाऱ्यानं उडत आला होता? नाव घाला." त्यांनी ओळ खोडली आणि वर स्वतःचं नाव लिहिलं, वर्ष लिहिलं. "आणि 'मानले गेले' नाही. 'म्हटले होते' लिहा. मी म्हटलं होतं. चांगलं ठासून म्हटलं होतं."

"मॅडम—"

"छापून आणा ते पान. कचेरी दुपारी बंद होते."

आक्का पान छापून घेऊन आली तेव्हा मॅडमनी उभ्या उभ्याच सही केली. खिडकीवरच्या कारकुनानं पानं चाळली, सह्या मोजल्या, शिक्का मारला आणि तिच्याकडं न पाहता "पुढचे" म्हणाला. मागं पुढचं कुणीच नव्हतं.

ती परत मॅडमच्या खोलीत सांगायला गेली. मॅडम काही करत नव्हत्या. पडदा काळा पडला होता आणि त्या त्याच्यासमोर बसल्या होत्या.

"दिला?"

"दिला."

"परत आला तर?"

"तर पुन्हा लिहीन."

"मुदत संपलीय, आक्का."

"मग नाही लिहिणार," आक्का म्हणाली.

मॅडमच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं. "आता घरी जा. झोपा जरा."

"जाते," आक्का म्हणाली. पण तिनं समोरची खुर्ची ओढली, आणि न पुसताच तीत बसली. सायकलवाला आज नव्हता. मॅडमनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि दोघींच्या मध्ये ठेवला.